जुनं सचिवालय, पोस्टकार्डांवरून: कामाच्या नोंदी

९ जून

ठरलं एकदाचं. डिसेंबरात वाचनालयाच्या हॉलची एक लांब भिंत मिळणार आहे. विषय पणजीचं जुनं सचिवालय, म्हणजेच आदिलशहा पॅलेस, आणि दाखवायचं ते फक्त जुन्या पिक्चर पोस्टकार्डांमधून. इतिहासाचे मोठमोठे बोर्ड नकोत हे मी आधीच सांगून टाकलंय, कारण ते सगळीकडे असतातच: यूसुफ आदिलशहाने १५०० च्या आसपास मांडवीच्या काठावर बांधला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, १७५९ मध्ये व्हाइसरॉय कायमचा राहायला आला, १९६१ नंतर सचिवालय, पुढे विधानसभा पर्वरीला गेली. झालं, इतकंच. कार्डांचं तसं नसतं, एकेक कार्ड घेऊन बसलं की दुपार जाते.

कार्डं कुठली तर काही आत्येच्या पेटीतली, काही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या नाण्यांबरोबर मिळालेली, आणि बरीचशी लिस्बनला असलेल्या मित्राने तिथल्या जुन्या बाजारातून उचलून पाठवलेली. जवळजवळ कशावरच साल नाही. खाली छापलेलं असतं ते एवढंच की नोव्हा गोवा, पालासियो दो गोव्हेर्नो, म्हणजे नवं गोवा, सरकारचा राजवाडा. आता नोव्हा गोवा हे नाव पणजीला राजधानी म्हणून अधिकृतपणे मिळालं १८४३ मध्ये, आणि जगातलं पहिलं सरकारी पोस्टकार्डच निघालं १८६९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीत, त्यामुळे त्या नावावरून साल ठरवायला काडीचा उपयोग नाही.

म्हणजे पहिलं काम, कार्डं वयाप्रमाणे लावायची.

१२ जून

पाऊस धो धो. गोव्यात जूनमध्ये जुना कागद बाहेर काढणं हाच मुळात वेडेपणा, कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते इथे. पण स्कॅनर भाचीकडे आहे आणि तिला सुट्टी आत्ताच आहे.

जे ठरवलं ते लिहून ठेवतो, नंतर वाद नको. लॅमिनेशन अजिबात नाही. सेलोटेप नाही. बाजारात मिळतात ते मऊ प्लास्टिकचे अल्बम नाहीत, पीव्हीसी असतं त्यात, काही वर्षांनी चिकट होतं आणि शाई ओढून घेतं. पॉलिस्टरचे पाकीट, खाली जाड बिनआम्ल पुठ्ठा, आणि सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा. पुड्या ओल्या झाल्या की रंग बदलतात, मग तव्यावर मंद गरम करून परत टाकायच्या. ज्यांच्या कडेला तांबूस ठिपके पडलेत ती वेगळी, ती बाकीच्यांत मिसळायची नाहीत.

स्कॅन ६०० डीपीआय, टिफमध्ये, पुढची बाजू आणि मागची बाजू दोन्ही. भाची म्हणाली, "मामा, मागे तर काही नाहीये." मी म्हटलं मागचीच बाजू आधी कर. समोर राजवाडा आहे तो सगळ्यांत तोच आहे, फरक मागे आहे.

१५ जून

आज भिंगाखाली सगळी कार्डं बघितली. हे काम कंटाळवाणं वाटतं पण सगळ्यात जास्त मजा यातच आली.

तीन जाती दिसतात. एक हाफटोन, म्हणजे वर्तमानपत्रातल्या फोटोसारखी ठिपक्यांची सरळ जाळी, कोनात लावलेली. ही स्वस्तातली छपाई. दुसरी कलोटाइप, यात जाळी नाही, वेडावाकडा बारीक कण असतो, सुकलेल्या चिखलाला भेगा पडतात तसा, कारण काचेवरचं जिलेटिन सुकताना असंच आकसतं आणि शाई त्या सुरकुत्यांत धरते. नुसत्या डोळ्याला हे जवळजवळ खऱ्या फोटोसारखं दिसतं. आणि तिसरी खरीच फोटो पोस्टकार्डं, फोटोपेपरवर छापलेली आणि मागे पोस्टकार्डाचा मजकूर असलेली. यांच्यात ठिपका नाही की कण नाही, छाया सलग, आणि जुनी असली तर गडद भागावर तिरक्या उजेडात चंदेरी झाक येते. चांदीच असते ती, वर आलेली.

कलोटाइपमध्ये राजवाड्याच्या उतरत्या कौलांची ओळन् ओळ दिसते. हाफटोनमध्ये तेच छप्पर म्हणजे राखाडी पट्टा. एका कार्डात नदीतली होडी पुसट आहे आणि इमारत मात्र सुरीने कापल्यासारखी स्वच्छ, कारण कॅमेऱ्यात निगेटिव्हची काच लावून उभा राहिलेला फोटोग्राफर, लेन्सचं तोंड थोडा वेळ उघडं, तेवढ्यात होडी हलली. इमारत हलत नाही म्हणून सरकारी इमारती फोटोला बऱ्या, असा माझा एक सिद्धांत आहे, भाचीला तो फालतू वाटतो.

फोटो कुणाचे हे बहुतेक कार्डांवर नाही. त्या काळी नोव्हा गोव्यात सौझा अँड पॉल हा स्टुडिओ नावाजलेला होता, १९व्या शतकाच्या शेवटी त्यांनी गोव्यातल्या इमारतींचे भरपूर फोटो काढलेत, पण कार्डावर नाव नसेल तर मी लावणार नाही.

२१ जून

साल लावायची शिडी तयार झाली. इथे सविस्तर लिहितो, कारण कॅप्शन लिहिताना हीच लागणार.

पहिली पायरी, कार्डाची पाठ. मधोमध उभी रेघ आहे का ते बघायचं. सुरुवातीला पोस्टखात्याचा नियम असा की मागच्या बाजूला फक्त पत्ता, मजकूर लिहायचा असेल तर चित्राच्या बाजूला कुठेतरी. म्हणून जुन्या कार्डांवर चित्र थोडं लहान ठेवून कडेला कोरी पट्टी सोडलेली असते. मग ब्रिटनने १९०२ मध्ये पाठ विभागायला परवानगी दिली, एका बाजूला मजकूर दुसऱ्या बाजूला पत्ता, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत बाकीचे देश एकेक करून तसं करत गेले, अमेरिका १९०७ मध्ये. तेव्हा रेघ नसलेली पाठ दिसली की ते कार्ड विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं किंवा त्याआधीचं धरायचं.

दुसरी, स्पेलिंग. इंडिया पोर्तुगेझा लिहिताना जुन्या कार्डांवर झेड आहे, नंतरच्यांवर एस. १९११ मध्ये पोर्तुगालने शुद्धलेखनाचे नियम बदलले तेव्हा हा झेड गेला. पण छापखान्यात जुना ब्लॉक पडून असेल तर तोच वापरत राहतात माणसं, आपल्याकडे बघा ना दुकानांच्या पाट्या. म्हणून ही पायरी जरा डळमळीत.

तिसरी, स्टॅम्प. इथे राजकारण सरळ तिकिटावर येतं. १८९८ मध्ये वास्को द गामाच्या प्रवासाला ४०० वर्षं झाली म्हणून गोव्यासाठी खास तिकिटं निघाली, मग पोर्तुगालच्या डॉम कार्लुश राजाचा चेहरा, त्याचा १९०८ मध्ये लिस्बनमध्ये भर रस्त्यात खून झाला, १९१० च्या ऑक्टोबरात राजेशाहीच गेली आणि छापून ठेवलेली राजाची तिकिटं टाकून कशी द्यायची म्हणून त्याच्या चेहऱ्यावरच रेपुब्लिका, म्हणजे प्रजासत्ताक, असा शब्द छापून ती वापरली. काटकसर म्हणायची की टोमणा, कळत नाही. पुढे सेरेस देवी आली, हातात कणसं घेतलेली. किंमती रेईस, तांगा आणि रुपियात, सोळा तांगांचा एक रुपिया, ते थेट १९५८ पर्यंत, आणि १९५९ पासून एस्कुदो. एस्कुदोचं तिकीट दिसलं की शेवटची तीन वर्षं.

आणि हे सगळं करूनही एक अडचण उरतेच, पोस्टाचा शिक्का सांगतो कार्ड कधी टाकलं, फोटो कधी काढला ते सांगत नाही. दुकानात कार्ड पाच वर्षं पडून राहू शकतं. फोटो त्याहून दहा वर्षं जुना असू शकतो. म्हणजे शिक्क्यावरून एवढंच म्हणता येतं की फोटो यानंतरचा नाही.

बाकी फोटोच्या आत बघायचं, काय आहे आणि काय अजून आलेलं नाही.

२८ जून

लिस्बनहून आलेल्या ढिगातल्या बऱ्याच कार्डांचे स्टॅम्प कुणीतरी पाण्यात भिजवून सोललेत. तिकिटं जमवणाऱ्यांनी केलेलं पाप. कोपऱ्यात पांढरा चौकोन, शिक्का अर्धा तिकिटाबरोबर गेलेला, उरलेल्या अर्ध्यात सालाचा शेवटचा आकडा नेमका नाही.

६ जुलै

बेतीची फेरीबोट धरून पलीकडे गेलो, पाऊस जरा थांबला होता. माझ्याकडच्या जवळजवळ प्रत्येक कार्डात राजवाडा नदीच्या बाजूने घेतलाय, समोर पाणी, पाण्यात होड्या, मग धक्का, मग ती लांबलचक दोन मजली इमारत. फोटो पाण्यावरूनच काढलाय हे उघड आहे, इमारतीची लांबी धक्क्यावरून एका फ्रेममध्ये मावत नाही.

फेरीतून बघताना कळतं की मुळात ही इमारत पाण्यावरून येणाऱ्याला दिसावी म्हणूनच इथे आहे. मांडवीत शिरणारं प्रत्येक जहाज हिच्यासमोरून जुन्या गोव्याकडे जाणार. आदिलशहाच्या वेळी इथे ५५ तोफा आणि भोवती खाऱ्या पाण्याचा खंदक होता असं सांगतात. उन्हाळ्यात राहायचा महाल म्हणा पण तोफा काही हवा खायला ठेवत नाहीत.

आणि पावसात इथे उभं राहिलं की १५१० आठवतंच. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने फेब्रुवारी-मार्चमध्ये गोवा घेतला, मे महिन्यात आदिलशाही फौजेने परत घेतला, आणि पोर्तुगीज जहाजांवर पळाले खरे पण तोवर पावसाळा लागलेला, नदीच्या तोंडावरची वाळू आणि खवळलेला समुद्र, बाहेर पडायची सोय नाही. जून-जुलै, ऑगस्टपर्यंत हे लोक मांडवीतच अडकून, खायला नाही, आणि काठावरून या पणजीच्या गढीतून तोफांचा मारा. शेवटी त्यांनी रात्री गढीवर छापा घातला. नोव्हेंबरात परत येऊन गोवा घेतलाच, २५ नोव्हेंबर, पण तो पावसाळा मात्र त्यांनी याच पाण्यात काढला. शाळेत हे सगळं एका ओळीत उरकलेलं.

आजच्या फोटोचं सांगायचं तर जुन्या कार्डाचा कोन पकडणं जवळजवळ अशक्य आहे. कॅसिनोच्या बोटी आणि त्यांचे फलक मध्ये येतात. भाचीने मोबाईलवर जुनं कार्ड अर्धं पारदर्शक करून समोरच्या दृश्यावर ठेवून बघितलं, छपराचा उतार आणि खिडक्यांची रांग जुळली, खालचा अर्धा भाग सगळा वेगळा. हे जोडफोटो भिंतीवर लावायचे नाहीत असं मी ठरवलंय. आधी आणि आता असं शेजारी शेजारी लावलं की लोक फक्त हळहळतात, बघत नाहीत.

१९ जुलै

रंगीत कार्डं. ही खरी रंगीत नाहीत, काळ्यापांढऱ्या फोटोवर छापताना रंग चढवलेले. पहिल्या महायुद्धाआधी जगभरची असली कार्डं जर्मनीत छापून यायची, तिथल्या छपाईला तोड नव्हती. रंग देणाऱ्याने गोवा कुठे बघितलाय. त्यामुळे आमच्याकडच्या एका कार्डात मांडवी अशी निळीशार आहे की बस, कौलं केशरी, आणि झाडांना जो हिरवा दिलाय तो आमच्या माडांचा हिरवा नव्हे. सध्या खिडकीतून दिसते ती मांडवी तर चहाच्या रंगाची, वरून डोंगरची माती घेऊन आलेली.

पण एक गोष्ट कामाची. झेंडा. रंगवणाऱ्याला झेंड्याचा रंग चुकवून चालत नाही, गिऱ्हाईक ओरडेल. राजेशाहीचा झेंडा निळा-पांढरा, प्रजासत्ताकाचा हिरवा-तांबडा. या कार्डात छपरावर निळा-पांढरा आहे. म्हणजे ब्लॉक १९१० किंवा त्याआधीचा. काळ्यापांढऱ्या कार्डात हेच झेंडे दोन करड्या पट्ट्या असतात, पण भिंगाखाली फिकट आणि गडद यांची वाटणी वेगळी दिसते, निळ्या-पांढऱ्यात अर्धा भाग अगदीच कोरा राहतो.

२ ऑगस्ट

आज जे सापडलं त्यासाठी सगळा प्रकल्प केला असता तरी चाललं असतं.

आत्येच्या पेटीतलं एक कार्ड, रेघ नसलेली पाठ, डॉम कार्लुशचं तिकीट, पत्ता वेंगुर्ल्याचा, रोमन अक्षरांत आणि सुबक. हे आधी बघितलेलं. पण चित्राच्या बाजूला राजवाड्यावरच्या आकाशात जे काही करडं गिरबिटलेलं होतं ते मी इतके दिवस डाग समजून सोडलं होतं असं नाही, अक्षर आहे हे दिसत होतं, पण शाई इतकी फिकी की हात लावला नव्हता. भाचीने स्कॅनमधला निळा चॅनेल वेगळा काढून काळं गडद केलं आणि सात ओळी वर आल्या. मोडी!

पाठीवर मजकूर लिहायला बंदी, कडेची पट्टी संपली, मग माणसाने काय करावं, गव्हर्नराच्या राजवाड्याच्या डोक्यावर लिहिलं. शेवटची ओळ तर छपरावर उतरलीय. पत्ता वेगळ्या हाताचा आहे, म्हणजे पोस्टात कळावं म्हणून कुणा रोमन येणाऱ्याकडून लिहून घेतला असणार.

मला मोडी येते ती नावापुरती. फोंड्याच्या एका निवृत्त मास्तरांना स्कॅन पाठवला, ते जुने देवस्थानचे कागद वाचतात.

११ ऑगस्ट

मास्तरांचा फोन आला, आवाजातच कळलं की मजा आलीय. म्हणाले, "अरे, यात तुझ्या पॅलेसचा प सुद्धा नाही."

वर श्री, मग साष्टांग नमस्कार विनंती विशेष, मग लगेच सुपारी. मालाचे दोन डाग रवाना केलेत, पोचल्याचं कळवा, मागचा हिशेब अजून बाकी आहे, भाव उतरायच्या आत उरलेला माल उचला, घरी बाळंतीण सुखरूप आहे, मुलगा झाला. शेवटी मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८२६. म्हणजे डिसेंबर १९०४.

पूर्ण ढिगात दिवसापर्यंत तारीख कळलेलं हे एकमेव कार्ड, आणि ती तारीख पोर्तुगीज शिक्क्यावरून नाही कळली, शिक्का अर्धा पुसलाय, ती कळली सुपारीवाल्याच्या तिथीवरून. तिकीट जुळतं, पाठ जुळते. आता हे कार्ड खुंटी. यात झाडं किती वाढलीत, धक्क्याची कड कशी आहे, ते बघून बाकीची याच्या अलीकडे-पलीकडे लावता येतात.

मला यात आवडलं ते हे की लिहिणाऱ्याला समोरच्या इमारतीचं काहीही पडलेलं नाही. दुकानात कार्ड स्वस्त मिळालं, त्यावर राजवाडा होता. कार्ड छापणाऱ्याला वाटलं असेल आपण सत्तेचा रुबाब दाखवतोय. घेणाऱ्याला आकाशात सात ओळींची जागा मिळाली. लिस्बनहून आलेल्यांतसुद्धा तेच आहे म्हणा, ताप उतरला, बोट पुढच्या आठवड्यात, आईला सांगा, भरपूर साऊदादी, म्हणजे आठवण. गव्हर्नर साहेबांबद्दल एक शब्द कुणी लिहिलेला नाही.

२५ ऑगस्ट

चवथ जवळ आली. माटोळी, साफसफाई, पाहुणे. डबा वर कपाटात ठेवून दिला.

१४ सप्टेंबर

परत कामाला. आज पुतळ्याचा दिवस.

दोन फोटो पोस्टकार्डं, जवळजवळ एकाच जागेवरून, राजवाड्याची एक बाजू आणि शेजारची मोकळी जागा. एकात जागा मोकळीच आहे. दुसऱ्यात तिथे आबे फारिया उभा आहे, हात पसरून, समोर झोपेत गेलेली बाई. पणजीतल्या कुठल्याही माणसाला हा पुतळा माहीत आहे, टुरिस्ट लोक त्याला भूत काढणारा मांत्रिक समजून फोटो काढतात. मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला, १९४५ मध्ये बसवलेला. म्हणजे एक कार्ड १९४५ च्या आधीचं आणि एक नंतरचं, एवढं सोपं, आणि याच्यापुढे ते तिकीट-बिकीट सगळं फिकं.

फारिया कांदोळीचा, १७५६ चा जन्म, पाद्री, पुढे पॅरिसला गेला आणि तिथे लोकांना झोपवून दाखवायला लागला. त्या काळी बाकीचे म्हणत की झोपवणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकीय द्रव वाहतो. हा म्हणाला, तसं काही नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनात घडतं. हिप्नॉटिझमचा पाया त्याने घातला आणि पॅरिसने त्याची टिंगल केली, १८१९ मध्ये गेला बिचारा. त्याला गव्हर्नराच्या जुन्या घराशेजारी जागा मिळाली ती सव्वाशे वर्षांनी.

याच रांगेत पुढे जायचं तर मांडवी हॉटेल, ते १९५२ चं, सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनासाठी येणाऱ्या पाहुण्यांकरता बांधलेलं. नदीवरून घेतलेल्या रुंद कार्डात ते उंच उभं दिसलं की १९५२ किंवा नंतर. दोन कार्डं यावरून लागली.

२७ सप्टेंबर

पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत गेलो होतो, ही लायब्ररीसुद्धा १८३२ ची, एवढं जुनं सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे याचं आपल्याला कौतुक नाही. कामाचं एक कळलं ते आधी अर्धवट माहीत होतं. गव्हर्नर इथे राहत होता तो १९१८ पर्यंतच. त्यानंतर मुक्काम काबोला, दोनापावलाच्या टोकावर, आजचं राज्यपालांचं निवासस्थान तेच. म्हणजे १७५९ मध्ये जुन्या गोव्यातल्या साथींना कंटाळून कोंद द एगा इथे आला, तेव्हापासून दीडशेहून जास्त वर्षं घर, आणि मग नुसती कचेरी. कार्डांवर मात्र याचा पत्ताच लागत नाही, १९३० च्या कार्डावरसुद्धा पालासियोच छापलेलं. राहणारा गेला तरी पाटी तीच.

आतल्या खोल्यांचं एकही कार्ड माझ्याकडे नाही. व्हाइसरॉय लोकांची मोठमोठी तैलचित्रं याच राजवाड्यात टांगलेली असायची, १५४७ मध्ये जुआंव द कास्त्रूने ती मालिका सुरू करवली होती, ती आता जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. बघायला तिकडेच जावं लागेल.

१० ऑक्टोबर

वाचनालयाच्या कमिटीची मीटिंग. एका सदस्यांना रंगीत कार्डंच मोठी करून हवीत, लोकांना बरं वाटतं म्हणून, आणि ज्यांच्यावर लिहिलंय ती गाळा, घाण दिसतात. मी मोडीचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि मास्तरांचं वाचन मोठ्याने वाचलं. सुपारीच्या भावापाशी सगळे हसले, मुलगा झाला तिथे गप्प झाले. ते कार्ड आता सर्वांत मोठं छापायचं ठरलंय, चार फूट रुंद. ६०० डीपीआयमध्ये तेवढं निघतं का तर नाही, त्या एकाचा स्कॅन २४०० ने परत घ्यावा लागेल.

दुसरा प्रश्न जास्त बरोबर होता. एका बाईंनी विचारलं, "विधानसभेच्या वेळचं एकही कार्ड कसं नाही?" ९ जानेवारी १९६४ ला पहिलं अधिवेशन याच इमारतीत भरलं, ३० आमदार, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री. त्या बाईंचे वडील प्रेक्षक गॅलरीत बसायला जायचे. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा इथेच पास झाला, त्याआधी रस्त्यावर काय काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्याच वर्षी ३० मे ला घटक राज्य. २००० मध्ये विधानसभा पर्वरीच्या नव्या इमारतीत गेली. या सगळ्या काळाचं पिक्चर पोस्टकार्ड मला सापडलेलं नाही. माझ्या मते कारण साधं आहे, मुक्तीनंतर कार्डं निघाली ती चर्चची आणि बीचची, टुरिस्टांसाठी. जिथे आपण दाखल्यासाठी रांगेत उभे राहतो त्या इमारतीचं कार्ड कोण विकत घेणार? दारावरचं पोर्तुगीज राजचिन्ह जाऊन अशोकचक्र आलं, एवढा मोठा बदल, पण तोही कार्डवाल्यांच्या कॅमेऱ्यात नाही.

म्हणून भिंत १९६१ पाशी थांबणार. पुढचं पोस्टकार्डांचं काम नाही, ते लोकांच्या घरच्या अल्बममध्ये असेल, तो वेगळा उद्योग.

८ नोव्हेंबर

कॅप्शन. दोन दिवस भाचीशी भांडण. तिचं म्हणणं, "मामा, १९११ नंतर आणि १९४५ च्या आधी, हे काय साल झालं? लोक हसतील." माझं म्हणणं, जेवढं माहीत आहे तेवढंच लिहायचं, आणि का ते खाली एका ओळीत: स्पेलिंगमध्ये एस आहे, पुतळा नाही. अंदाजे १९२५ असं लिहिलं की ते पुढे कुणीतरी १९२५ म्हणून छापतो आणि मग ते कायमचं चिकटतं. नेटवर या राजवाड्याच्या जुन्या फोटोंखाली काय वाट्टेल ती सालं लिहिलेली आहेत.

तिने मग चांगली युक्ती काढली. प्रत्येक कार्डाखाली साल लिहिण्याऐवजी पूर्ण भिंतीवर खालून एक लांब पट्टी, १८९० ते १९६१, आणि प्रत्येक कार्डाची रुंद किंवा अरुंद खूण त्यावर. ज्याचा अंदाज सैल त्याची खूण लांब. सुपारीवाल्याची खूण नुसता ठिपका.

२९ नोव्हेंबर

छापून आलं. पहिल्या प्रिंटमध्ये सगळं सेपिया करून ठेवलेलं, प्रिंटवाला म्हणतो जुनं वाटायला पाहिजे ना. परत करून घेतलं. कलोटाइपचा रंग थंड काळा-करडा असतो, काहींचा हिरवट, तो तसाच दिसला पाहिजे.

मूळ कार्डं लावायची नाहीत, सगळ्या प्रती. फक्त मोडीचं मूळ एका काचेच्या पेटीत, कमी उजेडात आणि आरशावर, म्हणजे पाठीवरचा पत्ता आणि तिकीटही दिसेल.

२० डिसेंबर

काल मुक्ती दिनाला उघडलं. गर्दी बरी होती, खुद्द राजवाड्यात सध्या कलेचा मोठा उत्सव चालू आहे, तिथे आत फिरून आलेले काही जण सरळ इकडे आले. सगळ्यात जास्त वेळ लोक खालच्या पट्टीसमोर उभे होते आणि एकमेकांना सांगत होते हा बघ पुतळा नाही म्हणजे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, बोटीवर खलाशी होते म्हणे, नदीतल्या होड्यांची नावं सांगितली, ही पडाव, ही व्होडें, आणि एका कार्डातलं शीड अर्धं गुंडाळलेलं आहे त्यावरून वारा कुठला ते. होड्यांवरून दिवसाची वेळ आणि ऋतू लावता येईल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. जानेवारीत त्यांच्याकडे स्कॅन घेऊन जाणार आहे.

तीन-चार जणांनी घरी अशी कार्डं आहेत म्हणून सांगितलं. त्यांना आणि हे वाचणाऱ्यांनाही तेच सांगतो. कार्ड अल्बममध्ये चिकटवलेलं असेल तर ओढू नका. स्टॅम्प सोलू नका. मोबाईलने फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, पुढून आणि मागून दोन्ही. मागे काही नाही असं वाटलं तरी मागून काढाच.